मागच्यांचे मीठ

परगावी जायला फार लांब जावे लागते असे नाही. आमच्या दिंडोशीहून रिक्षाने मालाड गाठायचे, मालाडच्या पश्चिमेहून बसने मार्वे, आणि मार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसायचे. खाडी ओलांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पलीकडचे मनोरी गाव महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. पण बोट सुटली आणि डिझेलचा, सुक्या बोंबलांचा आणि खाऱ्या वाऱ्याचा असे तिन्ही वास एकदम नाकात शिरले, की माणूस मुंबईतून बाहेर पडतो. गेल्या मे महिन्यात आम्ही असे तीन दिवस बाहेर पडलो. सासूबाई, हे, दोन मुले आणि मी.

सासूबाई बाहेरचे खात नाहीत आणि हॉटेलचे भाडे आमच्यासारख्यांना झेपत नाही. तेव्हा ह्यांनी फोनवर एक जागा शोधली. समुद्राजवळच्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, शेगडी, गॅस, भांडीकुंडी. जेवणाखाणाचे मात्र आपले आपण पाहायचे. ह्यांनी मोठ्या उत्साहाने मला ते वाचून दाखवले. 'आपले आपण' या दोन शब्दांत आपल्या भाषेने केवढी लबाडी लपवली आहे! वाक्यातून कर्ता गाळला, की काम कुणाच्या वाट्याला येते, हे घरोघरच्या बायकांना पुरते ठाऊक आहे. दिंडोशीच्या ओट्यापाशी उभी राहणारी मी मनोरीच्या ओट्यापाशी उभी राहणार, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीतून समुद्र दिसेल, हा फरक. तो फरकही लहान नव्हे, हे कबूल केले पाहिजे. कणीक मळताना समोर भरतीचे पाणी चढत असले, तर हात वेगळेच चालतात.

पण मला आज सुट्टी आणि स्वयंपाक यांविषयी लिहायचे नाही. लिहायचे आहे ते मिठाविषयी.

जागेची किल्ली दाराशेजारच्या एका लोखंडी डबीत होती. फोनवर आलेला आकडा फिरवला, की डबी उघडते. मालकाचे तोंड आम्ही पाहिले नाही, त्याने आमचे पाहिले नाही. हे कुलूप काढून आत गेले, मुले समुद्राकडच्या खिडकीला जाऊन चिकटली; सासूबाई मात्र उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"अगं, घरचं कुणी नाही?" त्यांनी मला विचारले.

"नाही, आई. इथं कुणी राहत नाही."

"मग येऊ का, असं विचारायचं कुणाला?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग दाराच्या चौकटीलाच "येते हं," म्हणाल्या आणि उजवे पाऊल आत टाकले. मला हसू आले, पण ते मी गिळले. माझे शिक्षण मॅट्रिकचे, म्हणजे आजच्या हिशेबाने दहावीचे. बालवर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तत्त्वज्ञानाची पुस्तके मी अभ्यासलेली नाहीत. तरीही एखादा प्रश्न खरा आहे की नुसता शब्दांचा आहे, हे ऐकताक्षणी कळते. सासूबाईंचा प्रश्न खरा होता. तीन दिवस तो माझ्या मागे मागे फिरत राहिला.

दुपारी डाळ शिजली आणि ध्यानात आले, की आपण मीठ आणलेच नाही. तांदूळ, डाळ, कणीक, मसाला, साखर, चहा, लोणच्याची बाटलीसुद्धा. फक्त मीठ नाही. दुपारची वेळ, दुकान बंद. कपाटे धुंडाळली, तर वरच्या फळीवर अर्धी मेणबत्ती, एक काडेपेटी आणि काचेच्या बरणीत निम्मे भरलेले जाडे मीठ. आमच्या आधी कुणीतरी इथे राहून गेले होते आणि उरलेले मीठ मागे ठेवून गेले होते. मी चमचा घातला, तेवढ्यात सासूबाईंनी विचारले, "कुणाचं मीठ आहे हे?"

"मागच्यांचं असेल."

"कोण मागचे?"

"अगं आई, जागेत होतं ते भाड्यात आलं," हे बाहेरून म्हणाले.

"भाड्यात शेगडी आली, अरे. मीठ भाड्यात येत नाही. उद्या त्याला जागायचं झालं, तर कुणाला जागू?"

सासूबाई जेवल्या, डाळ त्यांना आवडलीही. पण विचारलेला प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. या सांगण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मीठ देणारा ठाऊक असतो. तो राजा असेल, धनी असेल, यजमान असेल. त्याला तोंड असते, नाव असते, आणि वेळ आली की त्याच्या बाजूला उभे राहायचे असते. महाभारतातले भीष्म आणि द्रोण असेच अन्नाला जागले आणि अन्यायाच्या बाजूने लढले. दाता ठाऊक असला, की निष्ठा सोपी होते, आणि कधी कधी आंधळीही होते. पण दाताच ठाऊक नसेल तर? मग ते मीठ फुकटचे, की त्याचे ऋण अधिक मोठे?

ह्यांचे म्हणणे सरळ होते. पैसे दिले, पावती आली, व्यवहार संपला. आपण इथे पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहोत. पाहुण्याला संकोच असतो, त्याने यजमानाची सोय पाहावी. गिऱ्हाइकाला संकोच नको, म्हणूनच तर माणूस पैसे देतो. मी या म्हणण्याला हसणार नाही. नातेवाइकांकडे सुट्टीला जाऊन, तिथल्या गृहिणीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत दिवस काढण्यापेक्षा, पैसे देऊन मोकळेपणाने राहणे पुष्कळ बरे. पैशाने माणसाला पुष्कळ मिंधेपणातून सोडवले आहे, हे बायकांइतके कुणाला ठाऊक?

आणि तरीही, आपल्याकडे यजमान नसलेली घरे काही नवी नाहीत. उपनिषदाने अतिथीला देव मानायला सांगितले ते घर असलेल्यांना. पण ज्याला वाटेत कुणाचेच घर नाही, त्याच्यासाठी धर्मशाळा होत्या. अहल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारभाराच्या काळात देशभर तीर्थांच्या ठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. तिथे उतरणारा वाटसरू शिधा आपला आणी, तीन दगडांवर आपली डाळ आपण शिजवी, आणि सकाळी निघून जाई. विचार केला, तर आमच्या मनोरीच्या जागेची ती आजीच म्हणायची. बांधणारी महेश्वरला, उतरणारा काशीला. तोंडओळख तिथेही नव्हती. मग फरक कुठे? मला वाटते, धर्मशाळेत उतरणाऱ्याला आपण कुणाच्या तरी दयेवर आहोत हे ठाऊक असे, म्हणून तो जाताना चूल सारवून, जागा झाडून जाई. आम्हांला मात्र आपण कुणाच्याच दयेवर नाही, असे वाटत होते.

आमच्या शाळेतले इतिहासाचे गुरुजी फार वाचतात. त्यांना मी पुढे ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, की ज्या १७९५ साली अहल्याबाई गेल्या, त्याच साली जर्मनीत कांट नावाच्या तत्त्वज्ञाने कायमच्या शांततेवर एक निबंध छापला. त्याचे म्हणणे असे, की पृथ्वी गोल आहे, माणसांना एकमेकांपासून दूर दूर पसरत जाणे शक्य नाही. कुठेतरी ती एकमेकांना भेटणारच. म्हणून परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रू समजू नये, एवढा त्याचा हक्क. पाहुणचार मागण्याचा मात्र हक्क नाही. तो यजमानाच्या खुशीचा. मला हे पटले. पण त्या थोर माणसाने येणाऱ्याचा हक्क सांगितला तसे येणाऱ्याचे देणे काय, तेही सविस्तर सांगितले असते, तर आमच्या दुसऱ्या दिवशी जे झाले ते कदाचित टळले असते. अर्थात आम्ही ते वाचले असते तर!

दुसऱ्या दिवशी पाणी गेले.

मे महिन्याचा उकाडा. मुले सकाळपासून वाळूत. दर तासाने वर यायचे, अंगावरची वाळू धुवायला शॉवर मोकळा सोडायचा, पुन्हा खाली. मी एकदा रागावले, मग रागावले नाही. सुट्टी होती. शिवाय दारावर चिकटवलेल्या नियमांच्या कागदावर पुष्कळ काही होते, दहानंतर गाणी नकोत, ओले कपडे कठड्यावर नकोत, मासळीची घाण मोरीत नको. पाण्याचे काही नव्हते. दुपारी बारा वाजता नळातून हवा आली.

तळमजल्यावर एक बाई राहतात. जागेची झाडलोट त्यांच्याकडे. पाहुणे गेले, की दर फेरीला ठरलेले पैसे त्यांना मिळतात. त्या तिथल्याच, ईस्ट इंडियन. ज्यांना हा शब्द बुचकळ्यात टाकतो त्यांच्यासाठी सांगते: साष्टी, वसई आणि मुंबईच्या बेटांवरच्या ज्या मराठी बोलणाऱ्या कुळांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म घेतला, त्यांच्या वंशजांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव धारण केले. नाव पूर्वेचे, माणसे पश्चिम किनाऱ्याची, आणि भाषा आपली. अंगणात त्यांच्या मिरच्या वाळत होत्या. उन्हाळ्यात मिरच्या-मसाले भाजून, कुटून बाटल्यांत दाबून भरायचे आणि वर्षभर पुरवायचे. बाटली मसाला तो हाच.

मी बादली घेऊन खाली गेले. दार उघडेच होते. आत खाटेवर एक फार म्हातारी बाई पडलेली, आणि तिच्या उशाशी ह्या बाई एका तांब्यात फडके भिजवून तिचे अंग पुसत होत्या. माझ्या हातातली बादली पाहून त्या म्हणाल्या, "पानी संपला ना? टाकी एकच हाय. टँकर परवा येनार."

टाकी एकच आहे, हे मला तेव्हा कळले. आमची मुले सकाळपासून जे पाणी वाळूवर ओतत होती, ते या म्हातारीच्या आंघोळीचे होते. बाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्या उठल्या, पदर खोचला, दोन कळश्या घेतल्या आणि गावातल्या विहिरीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. एक कळशी मी घेतली, ती अर्ध्या वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली. हे धावत आले, त्यांनी मग तीन खेपा केल्या. मुले खिडकीतून पाहत होती. त्यांना कुणी काही सांगितले नाही, पण त्यानंतर शॉवर सुटला नाही.

संध्याकाळी ह्यांनी बाईंच्या हातावर काही नोटा ठेवल्या. मला वाटत होते, की त्या नको म्हणतील. का वाटत होते कोण जाणे. कथा-कादंबऱ्यांत गरिबांनी नको म्हणायचे असते, मीही तसे लिहिले आहे. बाईंनी नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि "बरा झाला, टँकरवाल्याला आगाऊ द्याया लागतात," म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने गोष्ट मिटली. ह्यांच्याही दृष्टीने मिटली. माझ्या एकटीच्या मनात ती राहिली, आणि तिने मला पुढचे दोन दिवस फार छळले. त्यांनी पैसे घेतले हेच योग्य होते. माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून त्यांनी उपाशी का राहावे? पण मला क्षमा हवी होती आणि मिळाली ती पावती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोराईकडे विपश्यनेचा पगोडा पाहून आलो. २००९ साली तो लोकांना खुला झाला. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसे एका छताखाली बसू शकतात. मुलांना आवाज न करता तिथे उभे राहायला सांगितले, तर ती खरोखर उभी राहिली. येताना ताडगोळे घेतले.

निघण्याच्या आदल्या रात्री मला झोप लागेना. गॅलरीत बसले होते. खाडीपलीकडे मालाडचे मनोरे दिव्यांनी पेटलेले. त्यांच्या मागे कुठेतरी आमची टेकडी. आम्ही दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत राहतो. ज्यांना मुंबईत घर घेणे जन्मात शक्य नव्हते, त्यांच्यासाठी मृणाल गोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे झगडून ती जमीन मिळवली. मृणालताईंना गोरेगावचे लोक पाणीवाली बाई म्हणत. सासूबाई तरुणपणी त्यांच्या मोर्च्यांत रिकामा हंडा घेऊन गेलेल्या आहेत. आणि त्यांच्या नातवंडांनी खाडीपलीकडच्या एका म्हातारीचे आंघोळीचे पाणी वाळूवर ओतले.

मग वाटले, ही गोष्ट एका सकाळची थोडीच आहे? १८९२ साली तानसाचे धरण बांधून झाले, तेव्हापासून मुंबई आपल्या हद्दीबाहेरचे पाणी पिते आहे. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आता समुद्राचे पाणी गोडे करून शहराला देण्याचा प्रकल्प महानगरपालिकेने आखला आहे. तो मनोरीलाच. दिवसाला वीस कोटी लिटर पाणी पहिल्या टप्प्यात मिळेल, म्हणतात. समुद्रातून गोडे पाणी काढून घेतले, की मूळच्यापेक्षा किती तरी खारे पाणी उरते, ते पुन्हा समुद्रातच सोडावे लागते. मासळीचे काय होईल, ही धास्ती तिथल्या मच्छीमारांना आहे. प्रकल्प वाईट, असे मी म्हणत नाही. आमच्याही नळाला पाणी हवे आहे. पण आम्ही पाण्याचे बिल भरतो, आणि ह्यांच्यासारखेच समजतो, की व्यवहार संपला. शहर म्हणजे तरी काय? ज्याची किल्ली डबीत मिळते आणि यजमान दिसत नाही, असे एक फार मोठे घर. इथे मागच्यांचे मीठ प्रत्येक जण खातो. कुणाला जागायचे, ते मात्र दारावरच्या कागदावर लिहिलेले नसते.

सकाळी दुकान उघडल्यावर मी मिठाची पिशवी आणली आणि बरणी काठोकाठ भरू लागले. सासूबाईंनी हात धरला.

"निम्मी होती, निम्मीच ठेव."

"जास्त ठेवलं तर काय बिघडलं, आई?"

"पुढच्याला ओझं होतं. आणि कालच्या पाण्याचं तुला मिठात फेडायचंय, ते फिटायचं नाही."

मी चांगलीच ओशाळले. मीठ निम्मे ठेवले. उरलेली पिशवी खाली बाईंकडे दिली. त्यांनी ती घेतली आणि मला थोडा बाटली मसाला कागदात बांधून दिला. त्याचे पैसे मी विचारले नाहीत, त्यांनीही सांगितले नाहीत. सासूबाई त्या म्हातारीच्या खाटेशी जाऊन बसल्या होत्या. दोघी काय बोलल्या ते कळले नाही. जाताना जागा मी झाडली, ओटा पुसला, किल्ली डबीत टाकली.

घरी पोचल्यावर फोनवर विचारणा झाली, की जागेला किती चांदण्या द्याल? ह्यांनी पाच दिल्या. दुसऱ्या दिवशी मालकानेही आम्हांला पाच दिल्या: पाहुणे अत्यंत व्यवस्थित, नियम पाळणारे, पुन्हा यावेत. ह्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवले आणि मध्येच थांबले. त्या पाच चांदण्या अजून त्यांच्या फोनमध्ये आहेत.

श्रावणात मसाला संपला. मी बाईंना फोन केला. आई कशी आहे विचारले. आहे तशीच, म्हणाल्या. पाऊस भरपूर, पाण्याची चिंता नाही. मग हसत म्हणाल्या, "तुमी मिठात तांदूळ टाकलेले का?"

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या मटार सोलत होत्या. पावसाळ्यात मीठ ओले होऊ नये म्हणून बरणीत मूठभर तांदूळ टाकायचे, ही त्यांची जुनी रीत. निघण्याआधी केव्हातरी त्यांनी ते टाकले होते, मला न सांगता.

"आमच्या आईंनी टाकले," मी म्हणाले. "का हो?"

"मागच्या महिन्यात पावने आलेले, त्यांना ते किडे वाटले. मालकाकडे तक्रार केली त्यांनी. मालक बोलला, सगळा टाकून दे. टाकला मी."

मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. हातातली शेंग सोलून झाली, दाणे वाटीत पडले.

"बरणी ठेवलीय ना पण?" त्यांनी विचारले.